होम व्हिडिओची नोंद: त्रोटक की सविस्तर?
फॅन विकीवर (चाहत्यांनी मिळून लिहिलेल्या माहितीच्या साइटवर) चित्रपट-मालिकांच्या डिस्कचं नाव, वर्ष, फॉरमॅट पुरे, की सगळंच लिहावं?

मेहनतीत त्रोटक यादी सरस. सविस्तर यादी संपतच नाही.

उपयोगात मात्र उलट. ‘स्टार वॉर्स’ची मूळ त्रयी घ्या: २००४च्या डीव्हीडीत बदललेली आवृत्ती, २००६च्या डीव्हीडीत जोडीला चित्रपटगृहातली मूळ, २०११च्या ब्लू-रेत आणखी फेरफार. नुसत्या वर्षांवरून काय कळणार? लांबीही फसवते. पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर चित्रपट सुमारे ४ टक्के जलद धावतो. १०० मिनिटांचे ९६ होतात, काहीही न कापता. वेष्टनावरच्या ‘अल्टिमेट’ वगैरे शब्दांवरून तर काहीच कळत नाही.

डिस्कवर एकदाच निघालेल्या मालिकेला त्रोटक तक्ता बास. आवृत्त्या बदलत गेल्या असतील, तर प्रत्येकीला सविस्तर नोंद. बारकोड दोन्हीकडे हवा. जुनी डिस्क विकत घेणारा तोच शोधतो.