‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ पिनबॉल: नवी मुंबईच्या हवेत काही महिने वापरल्यावर

1991च्या याच नावाच्या सिनेमावर बॅली या अमेरिकन कंपनीने 1992 मध्ये काढलेलं हे मशीन. रचना पॅट लॉलर आणि लॅरी डीमार यांची. 20,270 नग निघाले. फ्लिपरवाल्या (बटण दाबून बॉल मारणाऱ्या छोट्या दांड्यांच्या) पिनबॉलमध्ये हा आकडा अजून कुणी गाठलेला नाही.

याचं खरं मोठेपण असं की सिनेमा फक्त चित्रांत राहत नाही, यंत्रणेत उतरतो. सिनेमातलं ‘थिंग’ नावाचं पात्र, म्हणजे नुसता सुटा हात, पेटीतून वर येतो, चुंबकाने बॉल उचलतो आणि आत नेतो. पुस्तकांच्या कपाटावर बॉलचे मार बसत ‘ग्रीड’ची पाच अक्षरं पूर्ण झाली की कपाट फिरतं आणि मागची तिजोरी दिसते. ‘पॉवर’ची तीन चुंबकं लाकडाखाली आहेत, ती चालू झाली की सरळ निघालेला बॉल मध्येच वळतो. सगळ्यात हुशारीचं म्हणजे ‘थिंग फ्लिप्स’: वरचा डावा छोटा फ्लिपर मशीन स्वतः मारतं आणि नेम चुकला तर पुढच्या वेळी टायमिंग बदलून बघतं. सिनेमातले मुख्य कलाकार राउल जूलिया आणि अँजेलिका ह्यूस्टन यांचे आवाजही खास या मशीनसाठी रेकॉर्ड केलेले आहेत.

पण ही सगळी मजा उतारावर अवलंबून आहे. उतार साडेसहा अंश हवा, आणि तो काचेवर न मोजता काच काढून खेळपट्टीवर (बॉल जिच्यावर धावतो त्या लाकडी फळीवर) मोजायचा. कमी ठेवला तर बॉल रेंगाळतो आणि चुंबकं त्याला फारच खेळवतात. जास्त ठेवला तर बॉल मधला रॅम्प (चढाची वाट) चढत नाही. उतार बरोबर असूनही थोडं खेळल्यावर बॉल रॅम्पच्या अर्ध्यातून परत येऊ लागला, तर दोष फ्लिपरचा. फ्लिपर ओढणारी तारेची कॉइल तापल्यावर मार कमी होतोच, त्यात स्लीव्ह (कॉइलच्या आतली नळी) झिजलेली किंवा कॉइल स्टॉप (दांडा जिथे थांबतो तो धातूचा तुकडा) ठोकून चपटा झालेला असला की ताकद आणखी जाते. रीबिल्ड किट (झिजणाऱ्या भागांचा नवा संच) एका फ्लिपरला न घालता सगळ्यांना घाला, नाहीतर डावा-उजवा मार वेगळा पडतो.

मशीनमध्ये तीन बॉल असतात. चुंबकांमुळे ते स्वतःच चुंबक बनतात आणि बॉल परत जमतात त्या खालच्या नाळीत एकमेकांना चिकटतात. मग मशीनची बॉलची मोजणी चुकते. दोन बॉल जवळ धरून बघा, ओढले गेले तर तिन्ही बदला.

वाशी-ऐरोलीकडची खाडीची दमट हवा हा इथला खरा शत्रू. सीपीयू बोर्डावरचे तीन एए सेल गळले की बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतात, म्हणून सेल बोर्डावर ठेवूच नका. वायरवरच्या वेगळ्या होल्डरमध्ये ठेवा किंवा एनव्हीरॅम (सेलशिवाय सेटिंग्ज लक्षात ठेवणारी चिप) बसवा. पॉवर ड्रायव्हर बोर्डावरचे लाइटिंगचे कनेक्टर काळे पडतात, कारण साध्या बल्बांचा करंट मोठा असतो. एलईडी घातल्याने हा भार उतरतो, मात्र स्वस्त एलईडी दिवे मंद करताना लुकलुकतात. खेळपट्टी पाण्याने पुसू नका. नॅप्थ्याने (पेट्रोलियमपासूनचं पातळ द्रावक) पुसा आणि वर कार्नौबा वॅक्स (वनस्पतीचं कडक मेण) लावा. पावसाळ्यात कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या हव्यात.

अमेरिकेतून आलेलं मशीन तसंच 230 व्होल्टला लावू नका. ट्रान्सफॉर्मरमध्ये अमेरिकेच्या आणि आपल्या दोन्ही व्होल्टेजची सोय आहे, पण जोडणी आणि मुख्य फ्यूज दोन्ही बदलावे लागतात.

सोसायटीच्या लिफ्टचं दार आधी मोजा. वजन सव्वाशे किलोच्या आसपास. पाय काढून मागची पेटी आडवी पाडल्यावरही रुंदी पाऊण मीटर लागते. फ्लिपरचे ठोके स्लॅबमधून खालच्या फ्लॅटमध्ये जातात, म्हणून पायांखाली जाड रबराचे तुकडे घाला आणि त्यानंतर उतार पुन्हा मोजा.