उजव्या हाताची चार नखं

आज बाविसावा दिवस. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, एवढ्या चार बोटांवर ॲक्रिलिकची कृत्रिम नखं करून घेतली होती. अजून एकही सुटलेलं नाही. अनामिकेच्या नखाला मुळाशी, करंगळीकडच्या बाजूला, केसाएवढी फट दिसायला लागलीय, पण तार तिथून जात नाही, त्यामुळे वाजवताना काही जाणवत नाही. मी रोज तीन-चार तास क्लासिकल गिटार वाजवतो, वर शिकवण्या. एवढ्या वापरात बावीस दिवस टिकलेलं काम मी याआधी पाहिलं नव्हतं. नेल आर्टिस्टला माझे पाचपैकी पाच. सलूनला चार. एक का कापला ते सांगतोच.

क्लासिकल गिटार पिकनं, म्हणजे तार छेडायच्या चपट्या तुकड्यानं, वाजवत नाहीत. तार आधी बोटाच्या मांसाला टेकते आणि मग नखाच्या कडेवरून सुटते. ती कशी सुटते यावर सगळा आवाज ठरतो. कड जराशी खरखरीत असली तरी ती खरखर सुरात ऐकू येते. म्हणून उजव्या हाताची नखं राखायची, घासून घासून काचेसारखी गुळगुळीत करायची, आणि डाव्या हाताची पार कापून टाकायची. नखं असावीत की नसावीत हा वाद दोनशे वर्षांपूर्वीही होता. स्पॅनिश गिटारवादकांपैकी फेर्नांदो सोर नखांशिवाय वाजवायचे, दिओनिसिओ आग्वादो नखांनी. दोघे मित्र होते, एकत्र वाजवायचे.

माझी स्वतःची नखं पातळ आहेत, पापुद्रे सुटतात. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. म्हणजे कार्यक्रमाच्या आठवड्यात मोडलं, तर ते वेळेत परत येत नाही. बरीच वर्षं मी पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून सुपरग्लूनं नखाखाली चिकटवत होतो. गिटार वाजवणाऱ्यांमध्ये हा जुना उपाय आहे. चालतो, पण गोंद नखाला कोरडं करतो आणि ऐन वेळी तुकडा निसटतो.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा एका सलूनमध्ये गेलो. हे नव्हे, दुसरं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम मागून येतायत का?" मी म्हटलं, माझंच काम आहे. तिनं आत बघितलं, आतल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कोपऱ्यातल्या खुर्चीत, दारातून दिसणार नाही असं बसवलं. नख घासायच्या मशीननं इतकं खोल घासलं की बोट भाजल्यासारखं झालं. पंधरा दिवसांनी काढायला गेलो तर ॲसिटोनमध्ये नीट भिजवायचं सोडून ॲक्रिलिक खालून उचकटलं. त्याबरोबर माझ्या नखाचा थरही निघाला. मधल्या बोटाचं नख कागदासारखं झालं होतं. ते पूर्ण निघून जाऊन खालून नवं यायला जवळजवळ सहा महिने गेले.

त्या दिवशीची एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मी गिटारची केस बरोबर नेली होती. तिथे वाजवायचं काहीच नव्हतं. मोजमापासाठीही गिटार लागत नव्हती. ती केस मी गुडघ्यांना टेकवून उभी धरली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

आताच्या सलूनबद्दल. इथल्या ताईंनी आधी विचारलं, "सर, तार नखाच्या कुठल्या बाजूनं सुटते?" मग टेबलावर एक रबर बँड दोन बोटांत ताणून धरला आणि म्हणाल्या, यावर वाजवून दाखवा. चारही बोटांचं बघितलं. अंगठ्याची तार वेगळ्या कडेवरून जाते, बाकीच्या तिघांची वेगळ्या, हे त्यांनी स्वतः बघून ओळखलं. क्यूटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, कापलं नाही, फक्त हलकं मागे सारलं. ती कातडी नख आणि त्वचा यांच्यामधली फट बंद ठेवते, कापली की जंतुसंसर्गाला वाट मिळते. नखाची चमक बफरनं जेमतेम उतरवली, प्रायमर लावला. मग ब्रश द्रवात बुडवून पावडरला टेकवला की टोकावर एक ओला मणी तयार होतो, तो नखावर ठेवला. तो घट्ट व्हायच्या आत त्याला आकार द्यायचा असतो. ताईंचा हात पहिल्या मण्यापासून शेवटपर्यंत एकदाही अडखळला नाही. जेलला घट्ट व्हायला लॅम्प लागतो, ॲक्रिलिकला लागत नाही, ते हवेत घट्ट होतं. वास मात्र उग्र असतो. इथे टेबलाला धूळ आणि वास खेचणारा पंखा बसवलेला आहे, तो त्या सतत चालू ठेवतात. असं काम करून घेणार असाल तर आधी हा पंखा आहे का ते बघा.

आता ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो ते. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक मुलगा होता, एकोणीस-वीसचा. दहाही नखांवर गडद निळा रंग, मॅट. लॅम्पखाली हात धरून बसला होता आणि बाहेर काढला की बोटं पसरून बघत होता. मन लावून बघत होता, नवीन कपडे घातल्यावर आपण आरशात बघतो तसं. सोफ्यावर वाट बघत बसलेल्या एक बाई माझ्या ताईंशी माझ्याबद्दल काहीतरी बोलल्या, ताईंनी सांगितलं की सर गिटार वाजवतात. बाई माझ्याकडे वळून हसल्या. "कामासाठी लागतात होय! मग ठीक आहे." आणि त्याच वाक्याच्या शेवटी त्यांची नजर त्या मुलाच्या हातांवर गेली.

मी मान डोलावली. सवयीनं. मुलानं हात परत लॅम्पखाली घातला. त्याचे सेकंद संपलेले होते, लॅम्प बंद झाला होता, तरी हात आतच ठेवला.

ती मान डोलावणं मला फार लागलंय. कारण मी आयुष्यभर तेच करत आलोय. वडिलांनी जेवताना पहिल्यांदा माझी वाढलेली नखं बघून "हे काय बायकी?" म्हटलं, तेव्हा मी गिटारचं सांगितलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. एका विद्यार्थ्याला शाळेत नखं कापायला लावत होते, तेव्हा मी लेटरहेडवर लिहून दिलं की वादनासाठी नखं आवश्यक आहेत. तोच मुलगा नंतर मला म्हणाला, "सर, दुसऱ्या हाताला नुसता रंग लावला तर?" मी त्याला विचारलं होतं, "त्याचा उपयोग काय?" त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

पुरुषाच्या हाताला, चेहऱ्याला, केसांना काहीही करायला आजही उपयोग दाखवावा लागतो. बेसबॉलमधले कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारे, नखांना भडक रंग लावतात, चेंडू टाकणाऱ्या पिचरला बोटांच्या खुणा लांबून दिसाव्यात म्हणून. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पोहणारे आणि सायकलपटू पायांवरचे केस काढतात. नट मेकअप करतो. सनस्क्रीन डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लावायचं. ही सगळी कारणं खरी आहेत, माझंही खरं आहे. पण बाईला "आवडलं म्हणून" एवढं पुरतं आणि पुरुषाला पुरत नाही, आणि माझ्यासारखे लोक दर वेळी कारण पुढे करतात तेव्हा ज्याच्याकडे कारण नाही तो आणखी एकटा पडतो. त्या मुलाकडे गिटार नव्हती. त्याला निळा रंग आवडला होता.

आणि बायकी कशाला म्हणायचं हे तरी कुठे ठरलेलं आहे? प्राचीन इजिप्तमध्ये पुरुष डोळ्यांत काजळ घालत होते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं 1701 सालचं ते प्रसिद्ध चित्र बघा, उंच लाल टाचांचे बूट आहेत पायात. राजा होता तो, आणि पाय मुद्दाम पुढे काढून उभा आहे.

निघताना मी त्या मुलाला म्हटलं, "रंग छान बसलाय, कडा एकदम स्वच्छ आल्यात." खरंच आल्या होत्या, मला नखांच्या कडा कळतात. तो म्हणाला, "थँक्यू काका. अंगठा थोडा जाड झालाय ना?" मी वाकून बघितलं. झाला होता थोडा. ताईंनी पुढच्या वेळी पातळ करून देते म्हटलं.

आता तो कापलेला एक गुण. भिंतीवर आणि कॅटलॉगमध्ये एकही पुरुषाचा हात नाही. अपॉइंटमेंटच्या मेसेजची सुरुवात "डिअर मॅडम" अशी येते, दोनदा सांगूनही बदललेली नाही. आणि टिप्सच्या, म्हणजे नखावर चिकटवायच्या तयार टोकांच्या, डबीत सगळ्यात मोठ्या मापाचा नंबर शून्य असतो, तो माझ्या अंगठ्याला दोन्ही बाजूंनी कमी पडतो. ताईंनी नखाखाली कागदी फॉर्म, म्हणजे साचा, लावून अंगठ्याचं नख हातानं घडवलं, त्यात जास्तीची पंचवीस मिनिटं गेली. रुंद टिप्स वेगळ्या मिळतात, त्या मागवून ठेवायला हव्यात. पुरुषांनी यावं असं वाटत असेल तर एवढी तयारी हवी.

परवा रिफिलसाठी, म्हणजे नख वाढल्यावर मुळाशी उघडी पडलेली जागा भरून घ्यायला, फोन केला. काउंटरवर नवीन कुणीतरी होतं. "कुणासाठी, सर?" म्हटलं, माझ्यासाठी. पलीकडे थोडी शांतता होती. ती भरून काढायला गिटारचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी थांबलो. मग तिनं विचारलं, "ॲक्रिलिक की जेल?"

ॲक्रिलिक. गुरुवारी चार वाजता. अनामिका या वेळी अर्धा मिलिमीटर आखूड ठेवायला सांगणार आहे, बारीक तारेवर ती किंचित अडकते.