चाकं वर टिकत नाहीत: सील बदलायचं, पॉवर पॅक मागवायचा की पाय कायमचे खाली सोडायचे?

निपाणीकडच्या माझ्या एका मित्रानं शेडमध्ये दोन आसनी विमान जोडलंय. अजून उडालेलं नाही. जॅकवर चढवून चाकं वर घेतली की दर चार-पाच मिनिटांनी चाकं उचलणारा तेलाचा पंप घुर्र करून सुरू होतो, दोन सेकंदांत थांबतो, पुन्हा चार-पाच मिनिटांनी तेच. मी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरची कामं करतो. ट्रॉली, प्रेस, पोकलेन यांच्यात आयुष्य गेलं, म्हणून त्यानं मला बोलावलं. "सील बदलून दे की" एवढंच त्याचं म्हणणं होतं. पिशवीत नव्या सीलचा सेटसुद्धा तयार होता.

अशा विमानात पर्याय तीन. सिलिंडर इथंच उघडून सील बदलणं, विमानाचं किट (सुट्या भागांचा संच) बनवणाऱ्याकडून मूळ भाग, म्हणजे पंप, टाकी आणि व्हॉल्व्ह एकत्र असलेला पॉवर पॅक, मागवणं, किंवा हायड्रॉलिकला रामराम करून चाकं कायमची खाली ठेवणं. यातलं स्वस्त कुठलं हे विचारायच्या आधी तेल नेमकं कुठून निसटतंय हे शोधा. त्याच्यावरच सगळं ठरतं.

बऱ्याच घरगुती विमानांत वर गेलेल्या चाकांना धरून ठेवणारा हूक नसतो. तेलाचा दाबच त्यांना वर धरतो. दाब उतरला की प्रेशर स्विच पंपाला उठवतो. म्हणून पंप वारंवार सुरू होणं म्हणजे बहुधा कुठंतरी गळती, मग बाहेर तेलाचा थेंब दिसो वा न दिसो. (अधूनमधून एकदा सुरू झाला तर घाबरू नका. दुपारी तापलेला पत्रा संध्याकाळी निवला की तेल आकसतं आणि दाब थोडा उतरतो. उंचावर गेल्यावरही तसंच होतं.) खाली आल्यावर मात्र चाकं दाबावर नाही, सांध्याच्या कुलपावर उभी असतात. पायाचा दुवा मध्यरेषा ओलांडून पलीकडं टेकला पाहिजे. तो टेकत नसेल तर पंपाचं राहू द्या, आधी तेच बघा.

गळती शोधायची रीत सोपी, पण वेळखाऊ. विमान जॅकवर नीट बांधा, चाकांना खालून आधार द्या, दाब शून्यावर आणा, मगच नळी सोडा. मग एकेका सिलिंडरची वर उचलणारी नळी पॉवर पॅकच्या बाजूनं बुच लावून बंद करायची, पंप चालवायचा आणि घड्याळ लावून बसायचं. एका सिलिंडरला बुच लावल्यावर पंप शांत झाला तर दोष त्या सिलिंडरात. सगळ्यांना बुच लावूनही घुर्र चालूच असेल तर सिलिंडर निर्दोष. मग चोर पॉवर पॅकमध्ये: चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेनं जाऊ देणारा), नाहीतर इमर्जन्सीत दाब सोडणारा व्हॉल्व्ह. सिस्टिममध्ये ॲक्युम्युलेटर (दाब साठवून ठेवणारी बाटली) असेल तर त्यातला नायट्रोजन आधी तपासा. तो उतरला तरी लक्षण हेच.

दोष सिलिंडरात निघाला तर बेळगावसारखी जागा शोधून सापडणार नाही. होनिंग, हार्ड क्रोम, रॉडचं पॉलिश, सगळं उद्यमबाग-मच्छे पट्ट्यात सायकलवर फिरून होतं. आमच्या प्रेस २१० बारवर चालतात. विमानाच्या गिअरला, म्हणजे चाकांच्या यंत्रणेला, साधारण १००० पीएसआय, म्हणजे ७० बारच्या आसपास लागतात. त्यामुळं इथले कारागीर म्हणतात, "हे तर खेळणं आहे ओ." तिथंच फसगत होते.

पहिली फसगत रबराची. विमानात बहुधा तांबडं खनिज तेल असतं, ५६०६ नावाचं. त्याला नायट्राइल रबर लागतं. मोटारीच्या ब्रेक ऑइलला ईपीडीएम हे दुसरं रबर लागतं. दोन्ही काळी, दोन्ही सारखीच दिसतात. ईपीडीएमची रिंग खनिज तेलात फुगते आणि पिस्टन अडकवते, तर नायट्राइल ब्रेक ऑइलमध्ये खराब होतं. दुकानात खिळ्याला माळेसारख्या लटकलेल्या रिंगांतून "हीच असेल" म्हणून उचलू नका. विमानाच्या रिंगा पाकिटात येतात, पाकिटावर रबर कधी शिजवलं त्याची तारीख असते. नायट्राइलच्या अशा रिंगेचा नंबर बहुधा एमएस २८७७५ असा असतो.

दुसरी मापाची. अमेरिकन किटात रिंगा इंचात, आपल्याकडं मिलिमीटरमध्ये. ३.५३ च्या जागी ३.५ मिमी जाडीची टाकली तर फारसं बिघडत नाही, तेवढा फरक बनावटीच्या सूटीतच येतो. पण २.६२ च्या जागी २.५ टाकली की रिंग खाचेत जेवढी दाबली जायला हवी त्यातला जवळजवळ एक तृतीयांश दाब गेला. पहिल्या दिवशी चालेल, आठवड्यानं पुन्हा घुर्र.

तिसरी नळीच्या टोकाची. विमानाच्या नळीचं फ्लेअर, म्हणजे पसरट केलेलं टोक, ३७ अंशांचं, मोटारीचं ४५ अंशांचं. नट फिरतो, घट्टही होतो, पण टेकतो फक्त एका रेघेवर. ट्रॅक्टरची नळी बनवणाऱ्याला कोन न सांगता नळी दिली तर तो त्याच्या सवयीचंच टोक लावणार. त्यात त्याचा दोष नाही.

दोष पॉवर पॅकमध्ये असेल तर माझं मत ठाम आहे: उघडू नका, मागवा. चेक व्हॉल्व्हची बैठक इतकी बारीक असते की केसाएवढ्या ओरखड्यानं दाब निसटतो. आमच्याकडं बैठक घासून देणारे हात आहेत, पण तो व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो हे मूळ मापाशी ताडून बघायची सोय तुमच्याकडं नसेल, आणि चाकं खाली येणं-न येणं त्याच्यावर असेल, तर वाट बघणं परवडतं. कस्टम, कुरिअर, डॉलर यांचा वैताग आहेच. पण पाकीट फोडल्यावर आत काय आहे हे तरी ठाऊक असतं.

तिसरा पर्याय लोकांना कमीपणाचा वाटतो, ते मला पटत नाही. वॅन्स या अमेरिकन कंपनीची आरव्ही नावाची किट विमानं सगळी फिक्स्ड गिअरची, म्हणजे चाकं कायम खाली, तरीही वेगवान. अमेरिकन डिझायनर बर्ट रुटाननं लाँग-ईझी या विमानात पुढचं चाक तेवढं आत घेतलं, मागची दोन बाहेरच. विमानं बांधणाऱ्या स्टीव्ह विटमननं स्प्रिंग पोलादाचा पाय बनवला आणि सेस्ना कंपनीनं तो आपल्या विमानांसाठी उचलला. सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) कोल्हापूर हवेतून सुमारे १०० किमी. ताशी २५० च्या जागी २२५ नं गेलात तर तीन मिनिटंही जास्त लागत नाहीत.

पण हे हिशेब नव्यानं विमान बांधणाऱ्यासाठी. आत वळणारी चाकं गृहीत धरून बांधलेल्या विमानात पाय तसेच पक्के करायचे तर आडवा दुवा नव्यानं मोजावा लागतो, चाकांचे रिकामे खड्डे झाकावे लागतात, पंप-टाकी काढल्यावर गुरुत्वमध्य सरकतो. शिवाय हा डिझाइनमधला बदल, म्हणजे डीजीसीएचे (सरकारी विमान नियामकाचे) कागद पुन्हा. विमान अर्धवट असेल तर याचा विचार जरूर करा. रंगरंगोटी झालेली असेल तर नको.

विजेचं थोडक्यात: चाकं खाली कुलूपबंद झाल्याचा हिरवा दिवा लागत नसेल तर आधी बल्बांची अदलाबदल, मग मायक्रोस्विच. पंप रेंगाळत असेल तर बॅटरी. आणि कुठलाही पर्याय निवडा, इमर्जन्सी व्हॉल्व्ह सोडून चाकं नुसत्या वजनानं खाली येऊन कुलूप पडतं का, हे जॅकवर दहा वेळा बघा. दहातून नऊ वेळा पडलं तर अजून पडलेलं नाही असं समजा.

मित्राच्या विमानात तिन्ही सिलिंडरना बुच लावून आम्ही चहा घेतला. दुसरा कप संपायच्या आत पंप घुर्र करून उठला. पॉवर पॅकची ऑर्डर त्याच रात्री गेली. पिशवीतला सीलचा सेट त्यानं माझ्याकडंच टाकला. त्यातली एक रिंग खानापूरच्या एका ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हला चपखल बसली.