काटा की टेप?
आरोग्य उपकेंद्रात लठ्ठपणा कशानं मोजावा, वजनकाट्यानं की कमरेचा घेर घेणाऱ्या टेपनं? उंची १६५ सेंमी, वजन ६५ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३.९. जागतिक मापानं (२५ च्या आत) ठीक. भारतीय मापानं (२३ पासून) वजन जास्त. कारण तेवढ्याच बीएमआयला युरोपीय लोकांपेक्षा आपल्याकडे चरबी अधिक, तीही पोटात. म्हणून मधुमेह लवकर गाठतो. वावरात राबणारा, हातपाय काडीसारखे पण पोट सुटलेला माणूस काट्यावर निसटतो, टेपवर सापडतो. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंमी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. निऱ्यांवरून किंवा करदोड्यावरून घेतलेलं माप फुकट! गरोदरपणी टेप नकोच. कुपोषण हेरायला मात्र काटाच हवा: बीएमआय १८.५ च्या खाली.