प्रौढ महिलांसाठी दोरीचा मल्लखांब : एका वर्गाविषयी अभिप्राय

पुण्यात आमच्या भागातील एका व्यायामशाळेने प्रौढ महिलांसाठी दोरीच्या मल्लखांबाचा वर्ग सुरू केला आहे. माझ्या मैत्रिणीने आणि मी त्याचा पहिला महिना नुकताच पूर्ण केला. मल्लखांब आपण सर्वांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा एखाद्या क्रीडामहोत्सवात कौतुकाने पाहिलेला असतो. मात्र चाळिशी ओलांडलेल्या आणि लहानपणी व्यायामशाळेत कधी न गेलेल्या स्त्रीने तो शिकावा, असे सहसा कोणी सुचवत नाही. 2019 मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, पुढे खेलो इंडिया स्पर्धांतही त्याला स्थान मिळाले. तरीही बहुतेक ठिकाणी शिकवणी शाळकरी मुलांपुरतीच राहिली आहे. त्यामुळे प्रौढांसाठी वेगळी तुकडी काढण्याचा निर्णयच मला मोलाचा वाटतो.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले असे मानले जाते, आणि पुरलेला खांब हे मुळात पहिलवानांच्या सरावाचे साधन होते. दोरीचा प्रकार त्याहून वेगळा आहे. खांबाला एरंडेल लावतात, त्यामुळे कातडी कमी घासली जाते. दोरी मात्र कोरडीच असते आणि तिला कोठेही गाठ मारायची नसते. वर टांगलेली, बोटाएवढ्या जाडीची सुती दोरी आणि तिच्याभोवती आपल्याच हातापायांनी घेतलेले वळसे, एवढ्यावरच सगळा तोल सांभाळायचा असतो.

शिकवणाऱ्या ताईंनी सुरुवातीचे काही दिवस कोणालाही वर चढू दिले नाही, आणि या वर्गाची सर्वांत चांगली बाजू मी हीच मानते. सूर्यनमस्कार आणि जोर-बैठका झाल्या की आम्ही गादीवर बसून पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोरी धरण्याचा सराव करत असू. पाहताना ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण बेचक्यातील कातडी कोवळी असते, ती लाल होते, चुरचुरते, आणि पकड जरा सैल पडली की दोरी तळपायाखालून निसटते. "हात नुसते आधाराला ठेवा, वजन पायावर येऊ द्या," हे ताई प्रत्येकीजवळ येऊन न कंटाळता सांगत. माझी मैत्रीण अनेक वर्षे जिममध्ये वजने उचलते आणि तिच्या दंडात भरपूर ताकद आहे. तरीही प्रारंभी तिलाच अधिक कष्ट पडले, कारण हाताने ओढून वर जाण्याची सवय तिला सोडावी लागली. ताईंनी तिच्या हातांतली दोरी मुद्दाम कमी उंचीवर धरायला लावली आणि पायांची पकड पक्की होईपर्यंत तिला तेथेच थांबवले. त्यानंतर ती ज्या सहजतेने चढली, ते पाहून मला मनापासून आनंद झाला.

चढण्याआधी उतरणे शिकवले गेले, हेही नमूद करायला हवे. घसरत खाली आल्यास तळहात सोलवटतात. म्हणून एकाखाली एक हात घेत, पायांची पकड न सोडता उतरण्याचा सराव करून घेतला गेला. महिन्याच्या अखेरीस आम्हा दोघींना साधी अढी (पायांनी दोरीला घातलेला विळखा) घालून काही क्षण दोरीवर स्थिर राहता येऊ लागले. एकीने खाली दोरी ताणून धरायची आणि दुसरीने वर सराव करायचा, अशी पद्धत असल्याने हा वर्ग मैत्रिणीबरोबर लावणे विशेष उपयोगाचे ठरते. आपल्या भरवशाची व्यक्ती खाली उभी असली की मनातली भीती निम्मी होते.

उणिवाही आहेत. संध्याकाळच्या तुकडीत दोऱ्या दोनच आणि शिकणाऱ्या पुष्कळ, त्यामुळे आपली पाळी येईपर्यंत तापलेले अंग पुन्हा थंड होते. भिंतीकडच्या दोरीखालील गादी दबून पातळ झाली आहे. ती तातडीने बदलायला हवी, कारण नवशिक्यांनाच तिची खरी गरज असते. प्रवेशाच्या वेळी रक्तदाब, चक्कर, खांद्याची किंवा मणक्याची जुनी दुखणी यांविषयी कोणी विचारले नाही. ज्या व्यायामात पुढे उलटे लटकायचे असते, तेथे ही चौकशी आधीच झाली पाहिजे. असा काही त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन तो ताईंना स्वतःहून सांगावा.

शुल्क जिमच्या मासिक वर्गणीपेक्षा बरेच कमी आहे आणि शिकवल्या जाणाऱ्या विद्येच्या मानाने तर फारच माफक आहे. कपडे सुती व अंगाबरोबर बसणारे असावेत. गुळगुळीत कापडावरून दोरी सरकते. अंगठ्या आणि बांगड्या घरीच काढून ठेवाव्यात, नखे कापलेली असावीत. मांड्यांवर आणि पावलांवर पहिले काही दिवस वळ उठतात, ते ओसरतात. शक्य असल्यास सकाळची तुकडी निवडावी, कारण तेव्हा दोरीवर मिळणारा वेळ कितीतरी अधिक असतो. आम्ही दोघींनी पुढील महिन्यासाठी तीच घेतली आहे.