शिवराई आणि रुपया: कॅटलॉग करताना आधी वजन बघायचं का आधी अक्षरं?

मावसभावाला आजोबांचा नाण्यांचा डबा मिळाला आणि त्याने मला विचारलं की दादा, वजन आणि साइजप्रमाणे गट पाडू का नाण्यावर जे लिहिलंय त्याप्रमाणे? जुन्या बाजारात रविवारी गेलं की नवीन मुलंही हेच विचारतात. मी दोन्ही करून बघितलंय, आणि माझं मत असं की डब्यात हाताने ठोकलेली नाणी आहेत का मशीनची, यावर सगळं ठरतं.

मशीनची आणि स्वातंत्र्यानंतरची असतील, तर नाण्यावरची किंमत आणि साल लिहून झालं की लगेच वजन. एक रुपयाचंच घ्या. १९६२ चा निकेलचा रुपया १० ग्रॅमचा, २८ मिमी, आणि १९७५ पासूनचा कॉपर-निकेलचा ८ ग्रॅमचा, पण व्यास तोच २८. नुसती पट्टी लावून बसलात तर दोन्ही एकाच पाकिटात जातील. वजनकाट्यावर मात्र लगेच वेगळे पडतात, शिवाय निकेल चुंबकाला चिकटतं, कॉपर-निकेल चिकटत नाही. मग १९८३ पासून ६ ग्रॅम २६ मिमी, १९९२ पासून स्टीलचा ४.८५ ग्रॅम २५ मिमी, आणि २०११ पासून ३.७९ ग्रॅमचा तो छोटा रुपया. पाच रुपयांचं अजून मजेशीर, जुनं जाड कॉपर-निकेलचं ९ ग्रॅमचं आणि २००७ नंतरचं स्टीलचं ६ ग्रॅमचं, दोन्ही २३ मिमी, म्हणजे इथे व्यास काहीच सांगत नाही, फरक सगळा जाडीत आणि धातूत.

पण किंमत पहिल्या कॉलममध्ये हवीच. २०११ चं दोन रुपयांचं नाणं २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅम, आणि आधीचा स्टीलचा एक रुपयाही नेमका तेवढाच! भाजीवाल्या मावशीसुद्धा सुटे देताना ते उलटून बघतात.

टांकसाळीची खूण सगळ्यात शेवटी बघा. सालाखाली चौकट किंवा ठिपका, तारा, काहीच नाही, एवढं लिहिलं की झालं.

आता शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. इथे मी स्वतः चुकलो होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझ्याकडे चाळीसेक शिवराया जमल्या होत्या आणि मी रुपयाचाच नियम लावला, अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमचे गट पाडून पाकिटं केली, वहीत ‘प्रकार १, प्रकार २’ असं लिहूनही टाकलं. मग एका रात्री लेन्स घेऊन बसलो तर ११.२ ग्रॅमच्या गटातल्या एका नाण्यावर ‘छत्रपति’ मधल्या ‘त्र’ खालून एक बारीक रेघ, ठसा तडकल्याने उमटलेली, तिरकी खाली गेलेली दिसली, आणि ९.७ च्या गटातल्या एकावर हुबेहूब तीच रेघ, त्याच जागी, त्याच तिरपेपणाने. म्हणजे दोन्ही एकाच ठशातून उमटलेली, एक कमी वापरलेलं आणि एक पार झिजलेलं, आणि मी त्यांना दोन प्रकार म्हणत होतो. सगळी पाकिटं परत उघडली.

हाताने ठोकलेल्या तांब्याच्या नाण्यात असंच होणार. तुकडा कापताना कमीजास्त व्हायचा, ठसा अर्धा बाहेर जायचा, आणि शिवराई १९व्या शतकातही लोकांच्या हातात फिरत होती, मग झीज किती असेल विचार करा. त्यामुळे इथे आधी अक्षरं. ‘शिव’ ऱ्हस्व आहे का दीर्घ, ‘शिव’ का ‘सिव’, ‘पति’ का ‘पती’, ठिपक्यांची कड दिसते का, मध्ये दोन आडव्या रेघा आहेत का, म्हणजे दुदांडी. वजन फक्त एकाच गोष्टीसाठी आधी बघायचं, पूर्ण शिवराई आहे का अर्धी. बाकी ते नोंदीला असूद्या, दोन दशांशांपर्यंत, आणि नाणं गोल नसल्यामुळे व्यासाचे सगळ्यात रुंद आणि सगळ्यात अरुंद असे दोन आकडे.

ब्रिटिश काळातल्या राणीछाप आणि राजाछाप चांदीच्या रुपयाला मी तिसरा नियम लावतो. वजन ११.६६ ग्रॅम ठरलेलं, १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली तरी वजन तेच राहिलं, म्हणून वजनाने प्रकार कळत नाही पण खोटं नाणं बऱ्याचदा पकडलं जातं. झिजलेलं नसताना ११ च्या खाली भरलं तर मी घेत नाही.

सामान म्हणाल तर किचनचा काटा चालणार नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा, आणि व्यास मोजायचा व्हर्निअर प्लास्टिकचाच घ्या, लोखंडी जबड्याने कडेवर ओरखडे येतात. वही का एक्सेल यावर वाद नको, नाणी शंभरच्या वर गेली की एक्सेलच.

आणि कृपा करून वजन करायच्या आधी चिंच लावून घासू नका. तांब्यावरचा तो तपकिरी थर एकदा गेला की परत येत नाही, अक्षराच्या कडाही बोथट होतात, आणि शिवराईत आपण वाचतो ते नेमकं तेच.

भावाच्या डब्यात १७ शिवराया निघाल्या, बाकी सगळे रुपये आणि पैसे. दोन वेगळ्या शीट करायला सांगितल्यात, शिवरायांच्या शीटमध्ये वजनाचा कॉलम सगळ्यात उजवीकडे, आणि प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात.