‘क्लाउड स्टोरेज’च्या नावाखाली १,०५,४०० रुपये गेले, पैठणीचे फोटोही गेले

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा पैठणीचा व्यवसाय आहे. तक्रार अजून चालू आहे, म्हणून गाव सांगत नाही. लिहायला लाज वाटते. पण ज्या डेव्हलपरने मला दुकानाचं ॲप करून देताना फसवलं, तोच आता जालना-बीडकडच्या दुकानदारांना ॲप विकतोय असं कानावर आलंय.

आधी हिशेब. ॲपचे ४२,०००. ‘क्लाउड स्टोरेज’चे वर्षाला १८,००० प्रमाणे दोन वर्षांचे ३६,०००. वर ‘बँडविड्थचं बिल’, म्हणजे गिऱ्हाइकांनी फोटो बघताना जो डेटा जातो त्याचं, २७,४००.

आमचा धंदा फोटोवर चालतो. पुण्या-मुंबईची बाई पदर बघते, काठ बघते, आणि जाणकार असली तर उलट्या बाजूचा फोटो मागते. हातमागाची पैठणी मागूनही पुढच्यासारखीच साफ असते. एका साडीचे पाच-सहा फोटो होतात. “ताई, सगळं एस-थ्रीवर, मुंबईच्या सर्व्हरवर ठेवतो. फोनमधले उडवून टाका,” असं तो म्हणाला. एस-थ्री म्हणजे ॲमेझॉनची फाइली ठेवायची भाड्याची जागा. फोन भरलाच होता, उडवले.

खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं, पहिल्या दिवाळीच्या तोंडावर. सकाळी बसून मी बांगडी मोराच्या नव्या साड्या चढवल्या. दुपारी त्याने अपडेट टाकलं आणि सकाळचे सगळे फोटो गायब. साडीचं नाव जागेवर, किंमत जागेवर, फोटोच्या ठिकाणी नुसता करडा चौकोन. जुने फोटो मात्र दिसत होते. “कॅशे क्लिअर करा, परत चढवा.” मी परत चढवले. तो करडा चौकोन आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. फोटो खरंच एस-थ्रीवर असते तर ॲपच्या अपडेटने त्यांना धक्काही लागला नसता, ते ॲपपासून वेगळे राहतात. हा ते फुकटातल्या सर्व्हरच्या तात्पुरत्या डिस्कवर टाकत होता, आणि ती डिस्क दर अपडेटला कोरी होत होती. जुने राहिले कारण ते कोडबरोबरच चढवलेले होते. पण हे मला कुठून कळणार? मी साडीची जर ओळखते, सर्व्हर नाही. दिवाळीच्या गर्दीत कोणीही फोटो परत चढवून पुढच्या गिऱ्हाइकाकडेच वळलं असतं.

पुढे त्याने सगळं स्वतःच्या ईमेलवरच्या, फोटो ठेवायच्या एका फुकट खात्यात हलवलं. मोबाइलचे पाच-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे, यादीसाठी लहान प्रती केल्याच नाहीत. एका पानावर ४० साड्या, प्रत्येकीचा एक फोटो, म्हणजे पान उघडलं की २०० एमबी. फुकटची मर्यादा संपली, फोटो बंद पडले आणि बिल माझ्या माथी आलं. लग्नसराई तोंडावर होती, भरलं. बिलाच्या स्क्रीनशॉटवर खात्याचं नाव कापलेलं होतं. स्क्रीनशॉटवर कोणाला पैसे देऊ नका, समोर लॉगिन करून बिल उघडायला लावा.

भाच्याने ब्राउझरमध्ये एका फोटोवर दाबून धरलं, त्या फोटोचा वेब-पत्ता उघडला, तो एस-थ्रीचा नव्हताच, तेव्हा बिंग फुटलं. हे तुम्हीही आजच करून बघा. आमचे फोटो जेमतेम ११ जीबी. एस-थ्रीवर तेवढे ठेवायचं भाडं महिन्याला तीसेक रुपये. गिऱ्हाइकांनी बघण्याचा खर्च वेगळा, पण लहान प्रती असत्या तर तोही किरकोळच. माझ्याकडून महिन्याला १,५०० घेतले.

फोटोही उडाल्यावर पोलिसांकडे गेले तर म्हणे, हा दिवाणी मामला, कोर्टात जा. सायबरवाले म्हणे, ओटीपी दिला नाही, लिंक दाबली नाही, पैसे स्वतःहून पाठवले, मग सायबर कसं? तिसरे म्हणे, तो आमच्या हद्दीत राहत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असते. तिथे हे मी सांगायचं? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, परवानगीशिवाय डेटा उडवायला आयटी कायद्याचं ४३ आणि ६६ आहे. एक साहेब तर म्हणाले, “फोटोच ना मॅडम? परत काढा.” विकून गेलेल्या साड्यांचे फोटो कुठून काढू? त्याच नक्षीची दुसरी मागणारी गिऱ्हाइकं काय दाखवून सांभाळू? अर्जाची पोच मागितली तर तीही हुज्जत घातल्यावर मिळाली. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

खातं स्वतःच्या ईमेलवर काढा, कार्ड स्वतःचं लावा, डेव्हलपरला फक्त कामापुरता प्रवेश द्या. मूळ फोटो हार्ड डिस्कवर हवेतच. स्वतःच्या पोटापाण्याचा धंदा असेल तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे, मी आता तिकडे अर्ज करतेय.

आणि ज्यांचं ॲप त्याच्याकडे आहे त्यांनी आधी गुपचूप सगळे फोटो उतरवून घ्या, जाब मागाहून विचारा. मी फोनवर जाब विचारला त्याच रात्री खातं रिकामं झालं.